शेवटच्या बाकापर्यंत

“बाई, तुम्ही शाळेत सायन्स शिकवता ना? मग हे तुमच्याकडेच.”

कमिटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीकाका एवढं बोलले आणि बाकीच्या सहा जणांनी इतक्या घाईने माना डोलावल्या, की मला नाही म्हणायला फटच राहिली नाही. मी महापालिकेच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. ध्वनीचा धडा नववीला आहे. त्या एका धड्याच्या जोरावर मला चर्चची अख्खी साउंड सिस्टीम बसवायची होती. पैसे एक लाख दहा हजार, मुदत ईस्टरपर्यंत, आणि मीटिंग चालली होती जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात.

आमचं चर्च लहान आहे. परळ-करी रोडच्या पट्ट्यात, मध्य रेल्वेच्या रुळांना जवळजवळ चिकटून. कौलारू छप्पर, दगडी भिंती, खाली शहाबादी फरशी, लाकडी बाकांच्या दोन रांगा आणि मागे एक बुटकी गॅलरी. रविवारी शंभरएक माणूस असतं, नाताळला दुप्पट. उपासना मराठीत. गीतांना पेटी-तबला, आणि अलीकडे तरुण संघाचा कीबोर्ड. गाडी गेली की खिडक्यांची तावदानं खुळखुळतात. आमच्या आधीच्या पाळकसाहेबांना तर फास्ट लोकल दोन मिनिटं आधीच कळायची. वाक्य बरोबर पूर्णविरामावर आणून थांबायचे, गाडी जाऊ द्यायचे, मग पुढे. नवीन पाळकसाहेब तरुण आहेत, थांबत नाहीत. त्यांच्या उपदेशातली निदान आठ-दहा वाक्यं दर रविवारी कल्याणला जातात.

जुनी सिस्टीम म्हणजे वर्षानुवर्षं ज्याला जे सुचलं ते त्याने जोडत नेलेला संसार होता. पाळकांच्या खोलीत कपाटावर एक जुना पीए, म्हणजे सभेतल्या भाषणांसाठी वापरतात तसला, अँप्लिफायर. खांबांवर चार डबे स्पीकर, त्यातले दोन चालू. ते दोन पुलपिटच्याही (उपदेश करायच्या चौथऱ्याच्या) मागे, वेदीच्या बाजूच्या खांबांवर, म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठीशी. त्यामुळे आवाज जरा वाढवला की शिट्टी. ती शिट्टी आली की खोलीतून कुणीतरी धावत जाऊन बटण मागे फिरवायचं, आणि मग मागच्या बाकांवरची माणसं कानामागे हात धरून बसायची. शिवाय उपासनाभर एक बारीक घूंऽऽ चालू. इतक्या वर्षांत तो घुमार आमच्या कानांना ऐकू येईनासाच झाला होता.

आणि एक आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे. डावीकडचं शेवटचं बाक, गॅलरीच्या खाली, दाराशेजारी: ती त्यांची जागा. सासूबाईंच्या वेळेपासूनची. दोन वर्षांपूर्वी त्या तिथून उठून पहिल्या बाकावर येऊन बसायला लागल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, “मागे नुसता आवाज येतो गं. शब्द येत नाहीत.” तेव्हा मी ते वाक्य फारसं मनावर घेतलं नव्हतं.

कमिटीचं मत ठरलेलं होतं: मोठे स्पीकर घ्या. एका सभासदाच्या भावाने दुसऱ्या उपनगरातल्या चर्चला पंधरा इंची जोडी दान दिली होती, ती “काय वाजते!” असं वर्णन आम्ही तीन मीटिंगांत ऐकलं. मलाही ते पटलंच असतं. पण त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात प्रतिध्वनी शिकवत होते. पुस्तकात दिलंय, की स्पष्ट प्रतिध्वनी ऐकू यायला परावर्तन करणारा पृष्ठभाग निदान १७.२ मीटर लांब हवा. फळ्यावर लिहिता लिहिता मनात आलं, आपलं चर्च पुलपिटपासून मागच्या भिंतीपर्यंत पंधरा मीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे आपल्याकडे प्रतिध्वनी नाही. मग जे काय होतं ते निनाद. शब्द भिंतीवर आपटून परत येतो, पण वेगळा ऐकू येण्याइतका उशिरा येत नाही. पुढच्या शब्दावर येऊन बसतो.

शनिवारी संध्याकाळी चर्च उघडून घेतलं. संडे स्कूलच्या वाढदिवसाचे उरलेले फुगे कपाटात होते, ते फुगवले आणि मधल्या वाटेत उभी राहून टाचणीने फोडले. मोबाइलवर रेकॉर्ड केलं. फटाक्यासारखा आवाज आणि मागे लांबलचक शेपूट. ती शेपूट विरायला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागत होता.

पुढचं गणित एका अमेरिकन प्राध्यापकाचं आहे. वॉलेस सॅबिन. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नवीन व्याख्यानगृहात कुणाचं बोलणंच कळेना म्हणून विद्यापीठाने हे काम त्यांच्या गळ्यात घातलं. (वाचून मला फार बरं वाटलं. तेही भौतिकशास्त्रच शिकवत होते.) ते रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या उचलून आणायचे, ऑर्गनची एक नळी वाजवायचे, आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचे आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचे. त्यातून त्यांनी सूत्र काढलं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. शोषण मोजायचं एकक काय, तर उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून जेवढा आवाज बाहेर जाऊन परत येत नाही, तेवढं एक.

मी दानाच्या पाकिटाच्या पाठीमागे हिशेब मांडला. पंधरा बाय आठ बाय सरासरी सहा मीटर उंची, ७२० घनमीटर. निनाद साधारण २.२ सेकंद, म्हणजे शोषण सुमारे ५३. बसलेला एक माणूस ढोबळमानाने अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीएवढा. शंभर माणसं आली की शोषण जवळजवळ दुप्पट आणि निनाद सव्वा सेकंदाच्याही खाली. म्हणजे आमच्या चर्चमधलं सगळ्यात चांगलं ध्वनिशोषक साहित्य म्हणजे आमची मंडळीच. शनिवारच्या प्रॅक्टिसला जे घुमतं ते रविवारी का घुमत नाही, हे तरुण संघाला कळेनासं झालं होतं, ते या पाकिटावर होतं.

पण खिडक्यांनी पंचाईत केली. उघड्या ठेवल्या तर निनाद कमी, पण गाडी आत. बंद केल्या तर गाडी बाहेर, पण निनाद वाढतो आणि माणसं घामाघूम. शेवटी रुळांकडच्या बंद, चाळीकडच्या उघड्या, असं ठरवलं. त्याला विज्ञान म्हणण्यात अर्थ नाही.

पुढच्या शनिवारी कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाला बरोबर घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. आता नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून कुणाला तसं विचारलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. पहिल्या दुकानात प्रश्न आला, “मॅडम, डीजे पायजे का पीए?” मी म्हटलं, चर्च. त्याने लगेच पंधरा इंची जोडीकडे हात केला. दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानात माईक बघितले. शुअरचा एसएम५८ हा गोल जाळीचा माईक १९६६ पासून बनतोय, आणि त्याच्या हुबेहूब नकलाही सर्रास मिळतात. आमच्यासमोर तीन वेगवेगळ्या किमतींना तीन ठेवले, तिन्ही दिसायला सख्खे भाऊ. त्या दिवशी आम्ही फक्त सोल्डरिंगची तार, दहा कॅनन पिना (माईकच्या तारेच्या टोकाला लागतात त्या) आणि दोन वडापाव घेऊन परत आलो.

तिथून सुटका केली लालबागच्या एका दादांनी. गणपतीत मंडळांचं साउंड करतात, बाकी वर्षभर लग्नं आणि सभा. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला तेच येतात. मी विनंती केली तसे रविवारी उपासना संपल्यावर आले, चपला दारात काढल्या, मधल्या वाटेने एकदा पुढे गेले, एकदा मागे आले. दोन टाळ्या वाजवल्या. मग मला पुलपिटवर उभं करून बायबलमधलं काहीही वाचायला सांगितलं आणि स्वतः एकेका बाकावर बसत मागे गेले. गॅलरीखाली, आजींच्या जागेवर बसले आणि तिथूनच ओरडले, “ताई, आवाज भरपूर आहे हो इथं. पण तुम्ही वाचताय काय, ते कळत नाही.”

आजी दोन वर्षांपूर्वी हेच म्हणाल्या होत्या.

दादांनी पंधरा इंचीचा विषय दोन मिनिटांत संपवला. मोठा स्पीकर इथे वरच्या कौलांना, बाजूच्या भिंतींना, सगळ्यांना समान वाटणी करणार. तुम्हाला आवाज हवाय माणसांच्या कानावर, आणि कौलांना उपदेश ऐकायचा नाही. त्यांनी सुचवले कॉलम स्पीकर. एका उभ्या पट्टीत एकाखाली एक चार छोटे स्पीकर. त्यांचा आवाज आडवा पसरतो, पण वर-खाली फारसा सांडत नाही. असे दोन, पुलपिटच्या पुढे, दोन्ही भिंतींवर, खाली किंचित झुकवून. शिवाय शेजारच्या चाळीलाही त्रास कमी. दादांना ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतले आकडे तोंडपाठ आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मंडळांच्या कामात ते पाठ करावेच लागतात, म्हणाले.

आणि गॅलरीखाली? तिथे छत बुटकं, समोरचा आवाज नीट पोचतच नाही. तिथे दोन छोटे स्पीकर वेगळे लावायचे. पण इथे एक मेख आहे, आणि मला सगळ्यात जास्त मजा याच मेखेत आली. तारेतून आवाज लागलीच पोचतो, हवेतून मात्र सेकंदाला ३४४ मीटरच्या वेगाने चालत येतो. समोरच्या कॉलमपासून शेवटच्या बाकापर्यंत बारा मीटर, म्हणजे सुमारे ३५ मिलिसेकंद. डोक्यावरच्या छोट्या स्पीकरपासून कानापर्यंत दोन मीटर, म्हणजे सहा. तसंच जोडलं तर शेवटच्या बाकावरच्या माणसाला पाळकसाहेब दिसणार समोर आणि ऐकू येणार डोक्यावरून, वर समोरचा आवाज मागाहून येऊन शब्दांवर शब्द. म्हणून मागच्या स्पीकरना मुद्दाम उशीर लावायचा: २९ मिलिसेकंदांचा फरक, आणि वर आणखी चार-पाच. जो आवाज आधी येतो त्याच्याच दिशेने तो आल्यासारखा मेंदू मानतो. मागून थोड्या वेळात येणारा दुसरा आवाज त्यात मिसळून फक्त त्याला बळ देतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने हे १९४९ मध्ये दाखवून दिलं. दादांनी हासचं नाव ऐकलेलं नव्हतं. ते म्हणाले, “मागच्याला थोडा आळशी करायचा.” वर्गात आता मी हेच वाक्य वापरते.

असा उशीर देणारा प्रोसेसर त्यांच्याकडे जुना पडून होता, तो नऊ हजारांत दिला. मागच्या स्पीकरना आमचाच कपाटावरचा जुना अँप्लिफायर लावला. त्याच्या आतले दोन मोठे कपॅसिटर वाळले होते, ते बदलल्यावर त्याचा निम्मा घुमार गेला. कमिटीला ही काटकसर फार आवडली. इतकी, की मिक्सरही (सगळे माईक जिथे येऊन मिळतात ती बटणांची पेटी) जुनाच चालेल का, असा प्रश्न आला. जुना मिक्सर नव्हताच.

खरं भांडण झालं ते मिक्सर ठेवायच्या जागेवरून. इतकी वर्षं सगळी बटणं पाळकांच्या खोलीत, भिंतीपलीकडे. फिरवणाऱ्याला स्वतःला काय ऐकू येतंय? काहीच नाही. मिक्सर माणसांत हवा, शेवटून दुसऱ्या बाकाच्या जागी. पण त्या बाकावर पितळी पट्टी आहे, कुणाच्या तरी पणजोबांच्या स्मरणार्थ. त्या घरातली चार कुटुंबं आजही येतात. तीन मीटिंगा गेल्या. एकदा तर मी राजीनामा देते म्हणाले, आणि कुणी थांबवलं नाही, म्हणून दिला नाही. शेवटी सुताराने बाक कापून अर्धं केलं, पट्टी राहिलेल्या अर्ध्यावर बसवली, आणि कापलेल्या लाकडातून मिक्सरचं टेबल केलं. त्या घरातल्या एका काकूंनी येऊन टेबलावर हात फिरवला, बोलल्या काही नाहीत. मी ते होकार समजले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वायरिंग. दोन रात्री, दादांचा एक हाताखालचा मुलगा, आमचा कीबोर्डवाला आणि मी. सोल्डरिंग मी केलं, कारण माझा हात स्थिर आहे आणि मुलांना घाई असते. कॅनन पिनेत तीन टोकं: एकवर तारेभोवतीची जाळी, दोन आणि तीनवर आतल्या दोन तारा. एकच सिग्नल दोन तारांतून उलटसुलट पाठवायचा. वाटेत जो कचरा शिरतो तो दोन्हींत सारखाच शिरतो, आणि पलीकडे वजाबाकी करताना तो कटतो. लांब तारेला म्हणून हीच पिन लागते. कीबोर्डची पी-३८ जॅकवाली साधी तार पंधरा मीटर ओढली की रेडिओच होतो तिचा. ध्वनीच्या तारा विजेच्या तारांना समांतर न्यायच्या नाहीत. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

सगळं जोडलं, चालू केलं, आणि घूंऽऽ.

तोच जुना घुमार, नव्या ताकदीने. आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा सूर. हाताखालचा मुलगा म्हणाला, “मॅडम, प्लगची वरची मोठी पिन काढून टाकू, लगेच जातो.” जातो, हे खरं आहे. पण ती पिन अर्थिंगची. ती काढली आणि उद्या आत कुठे वीज पेटीच्या पत्र्याला लागली, तर माईकला ओठ लावून गाणारा माणूस त्या विजेचा रस्ता होतो. मी त्याला मिक्सरपासून लांब, गॅलरीत उभं केलं आणि दादांना फोन लावला. रात्रीचे साडेदहा. ते कुठल्या तरी हळदीत होते, मागे बँजो वाजत होता. म्हणाले, मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावरून घ्या. आमचा मिक्सर दाराजवळच्या सॉकेटवर होता, अँप्लिफायर वेदीमागच्या. दोघांच्या अर्थिंगची वाट वेगळी, आणि ध्वनीच्या तारेच्या जाळीने त्या दोन वाटांना जोडून एक मोठा फेरा तयार केलेला. एकाच ठिकाणाहून जाड तीन तारी वायर ओढली आणि घुमार गेला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने तपासलं तेव्हा दुसऱ्याच एका सॉकेटला अर्थिंगची तारच पोचलेली नव्हती, असं निघालं. तीही घातली.

घुमार गेल्यावर अचानक जी शांतता झाली, तिच्यात पहिल्यांदा आम्हाला पंखे ऐकू आले.

पुढची चूक सर्वस्वी माझी. दोन्ही कॉलम वाजायला लागले, पण मधल्या वाटेत उभं राहिलं की आवाज पोकळ, पेटीचे खालचे सूर गायब. एका बाजूला सरकलं की परत येतात. मला कारण कळायला दहा मिनिटं लागली, वर्गात शिकवताना दोन लागतात. एक स्पीकर पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. रात्री अकरा वाजता, पेंगत, मी एका कॉलमची लाल-काळी तार उलटी लावली होती. खात्री करायला जाळी काढली, तारा अँप्लिफायरपासून सोडवल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढून त्याची दोन टोकं तारांना टेकवली. टप्प. डावीकडचे चारही पडदे बाहेर आले, अगदी नखभर. उजवीकडे तेच केलं. टप्प. चारही पडदे आत. मोबाइलचा टॉर्च धरून बसलेला कीबोर्डवाला मुलगा म्हणाला, “परत करा ना.” आम्ही सात-आठ वेळा केलं. घड्याळात सेल परत घालायला विसरलो, आणि रविवारी उपदेश नेहमीपेक्षा लांबला.

निनाद मात्र स्पीकरने जात नाही. मागची भिंत कोरी, सपाट, आवाज थेट परत पाठवणारी. बाजारात मिळणारे फोमचे चौकोन चर्चमध्ये लावायला पाळकसाहेबांचा जीव होईना. दिसायलाही ते वाईटच दिसले असते. महिला मंडळात विषय निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “जाड कापडच पाहिजे ना? मग गोधड्या शिवू.” महिनाभर दर बुधवारी प्रार्थनेनंतर जुन्या सुती साड्यांचे सहा-सहा थर घालून टाके चालले. अशा आठ गोधड्या झाल्या. वरून साधं पांढरट कापड, लाकडी चौकटींवर ताणून, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगल्या. ती चार बोटांची पोकळी फुकटची नाही, तिने शोषण खालच्या सुरांपर्यंत उतरतं. मेणबत्त्या त्या बाजूला न्यायच्या नाहीत, एवढा नियम केला. परत फुगे फोडले. रिकाम्या चर्चमध्ये निनाद दीड सेकंदावर आला होता. कुणाची साडी कुठल्या गोधडीत आहे, हे बायकांना अजून पाठ आहे.

राहता राहिली माणसं. यंत्राला समजावणं सोपं.

पुलपिटला लवचीक मानेचा कंडेन्सर माईक लावला. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माईकच्या तारेतूनच जाणारी वीज, लागतो, तो दिला. पहिल्याच रविवारी शास्त्रवाचनाला आलेल्या काकांनी त्यावर तीनदा बोट आपटलं, फुंकर मारली, “हॅलो हॅलो” केलं, आणि मग नम्रपणे दोन पावलं मागे सरून वाचायला लागले. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका वितीवरून चार वितींवर गेले की बारा. ते भरून काढायला मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, वर नेला, आणि शिट्टी. सगळं चर्च माझ्याकडे वळून बघायला लागलं, काकांकडे नाही. हे मला अन्यायकारक वाटलं.

गाणाऱ्यांचं वेगळं. तरुण संघातले दोघे माईकची जाळी मुठीत धरून गायचे, टीव्हीवर बघतात तसं. हा माईक समोरचं ऐकतो आणि मागचं ऐकत नाही, ते त्याच्या जाळीखालच्या फटींमुळे. त्या फटी मुठीत बंद झाल्या की तो चहूकडचं ऐकायला लागतो, स्पीकरसकट. आणि गरज नसताना उघडे ठेवलेले माईक. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी हातात असलेली जागा तीन डेसिबलने आटते. आमच्याकडे सहा माईक उपासनेच्या पहिल्या घंटेपासून आशीर्वादापर्यंत उघडे असायचे. आता जो बोलतो त्याचाच उघडा. मी मिक्सरवर प्रत्येक फेडरची जागा लाल नेलपॉलिशने खूण करून ठेवली, आणि सगळ्या माईकवर शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. माणसाच्या बोलण्यातले त, क, प, स ही कडक व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. वय झालं की कान आधी तिथेच कमी होतो. खालची घरघर कापून वरचं थोडं उचललं, तर एकूण आवाज कमी करूनही जास्त कळतं.

शास्त्रवाचकांना मी एका शनिवारी बोलावलं. नऊ जण आले. एकेकाला पुलपिटवर उभं केलं, अंगठा हनुवटीला आणि करंगळी माईकला लागेल इतकं अंतर, एवढंच सांगितलं. बाकीचे शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. आपलंच माणूस कळतंय की नाही, हे त्यांनी एकमेकांना सांगितलं, आणि ते माझ्यापेक्षा फारच फटकळपणे. पाळकसाहेबांना मात्र मी काही सांगितलं नाही. ते स्वतःहून मागे जाऊन बसले, दोन गाड्या जाऊ दिल्या आणि म्हणाले, “बाई, गाडी येते तेव्हा मी थांबायला हवं, नाही का?”

एक लाख दहाच्या जागी एक लाख अठरा हजार चारशे झाले. वरचे आठ हजार चारशे कुठून आले, ते खजिनदार आणि मी सोडून कुणाला माहीत नाही.

ईस्टरला चर्च भरलं होतं, माणसांच्या शोषणामुळे सगळंच छान वाजलं, त्यात माझं कौतुक काही नाही. खरी परीक्षा नंतरच्या रविवारी, जेव्हा साठच माणसं आली. पहिलं गीत सुरू होताना मी मिक्सरजवळ उभी होते. आजी दारातून आल्या, काठी टेकत मधल्या वाटेने चार पावलं पुढे गेल्या, थांबल्या. मग वळून डावीकडच्या शेवटच्या बाकावर, दाराशेजारी, जाऊन बसल्या. पदर सावरला, पुस्तक उघडलं. उपासनाभर मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी बघत होते.

आशीर्वादानंतर त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी हातातली तार गुंडाळायची थांबले.

“तबला जरा जास्त वाजतो,” आजी म्हणाल्या.

तबल्याला आम्ही माईक लावलेलाच नाही. वाजवणाऱ्यालाच सांगावं लागणार होतं, आणि तो सेक्रेटरीकाकांचा जावई.